तीन गाड्यांचा मालक आणि नवा ड्रायव्हर

आपल्या भागात कुणी ‘मुलगा काय करतो?’ असं विचारलं आणि मुलगा ट्रक चालवत असला, तर घरचे ‘ड्रायव्हर आहे’ असं सहसा सांगत नाहीत. ‘गाडीवर असतो’ म्हणतात. कन्नडमध्येही तेच, ‘गाडी म्याल अदान’. दोन्ही भाषांत हे वाक्य जरा खालच्या आवाजात येतं. माझे वडील मराठी आणि अव्वा गोकाककडची, त्यामुळे मला ते दोन्हीकडून ऐकायला मिळालं. वडिलांचं आयुष्य उद्यमबागेतल्या फौंड्रीत गेलं. मी आयटीआय करून तिथंच कुठंतरी चिकटावं अशी त्यांची इच्छा होती. मी चिकटलो ते त्याच फौंड्र्यांचा माल वाहणाऱ्या ट्रकच्या स्टिअरिंगला. जून २०१८ मध्ये बेळगावातल्या एका तीन गाड्यांच्या मालकाकडे ड्रायव्हर म्हणून लागलो, तो अजून तिथंच आहे.

गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या तीन-चार घरांतून फोन आले. ‘आमच्याला हेवी लायसन्स काढायचंय म्हणतोय, पाठवू का? मालक ओळखीचा आहे, घरच्यासारखा आहे.’ या ‘घरच्यासारखा’ शब्दावरच मला बोलायचं आहे आणि ते फोनवर पाच मिनिटांत सांगण्यासारखं नाही.

आधी कागदाचं सांगून टाकतो. ट्रक चालवायला वयाची वीस वर्षं पूर्ण लागतात. त्याआधी हलक्या वाहनाचं लायसन्स किमान वर्षभर हातात असावं लागतं, मगच मालवाहू गाडीचं शिकाऊ लायसन्स मिळतं. डॉक्टरचा दाखला, ट्रेनिंग स्कूलचा दाखला, आरटीओच्या ट्रॅकवर परीक्षा. पूर्वी आठवी पास असण्याची अट होती, ती केंद्राने २०१९ मध्ये काढली. हे सगळं पैशांचं आणि हेलपाट्यांचं काम आहे, आज ना उद्या होऊन जातं. अडतं ते यानंतर. मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपन्यांच्या दारात गेलं की पहिला प्रश्न अनुभवाचा. दोन वर्षं, तीन वर्षं. अनुभव नसेल तर गाडी नाही आणि गाडी नसेल तर अनुभव नाही. हे कोडं सोडवतो तो लहान मालक. दोन, तीन, फार तर पाच गाड्या असलेला. तो तुमच्या मामाला ओळखत असतो, तुमचं गाव त्याला ठाऊक असतं आणि तेवढ्यावर तो तुम्हाला लाखो रुपयांची गाडी आणि पार्टीचा माल सोपवतो. हा विश्वास मी कधीच कमी लेखणार नाही.

आमच्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात. ते कन्नड बोलतात, त्यांच्या घरच्या अक्का मराठी. ऑफिस म्हणजे घराची पुढची खोली. एक टेबल, भिंतीवर कॅलेंडर, खिळ्याला लटकवलेल्या बिल्ट्यांच्या प्रती. आतून फोडणीचा वास येत असतो आणि बाहेर भाड्याचा सौदा चाललेला असतो. अण्णा पार्टी आणि डिझेल बघतात, हिशोबाची वही अक्कांकडे. रस्त्यावर असताना अण्णांचा फोन आला की पहिला प्रश्न ‘एल्ली अदी?’ म्हणजे कुठं आहेस. अक्कांचा आला की पहिला प्रश्न ‘ऊट आतेनु?’ जेवलास का? त्या मराठी असूनही हे कन्नडमध्येच विचारतात. का ते मला ठाऊक नाही, पण कात्रजच्या अलीकडे रात्री साडेदहाला ते ऐकलं की बरं वाटतं.

उस्तादाच्या हाताखाली

लायसन्स हातात आल्या आल्या गाडी मिळाली नाही. आधी दहा महिने एका जुन्या ड्रायव्हरबरोबर क्लीनर म्हणून फिरलो. आमच्यात त्यांना उस्ताद म्हणतात. उस्तादांनी पहिले दोन महिने स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. सकाळी गाडी सुरू करायच्या आधी टायरवर लोखंडी पान्याने ठोकायचं आणि आवाज ऐकायचा. हवा बरोबर असली की टणक आवाज, कमी असली की बद्द. जोडटायरांपैकी आतल्याची हवा गेलेली डोळ्यांना दिसत नाही, कानालाच कळते. थांबलो की प्रत्येक हबजवळ उलटा हात न्यायचा. एकच हब इतरांपेक्षा तापलेला असेल तर ब्रेक धरून राहिलाय किंवा बेअरिंग बिघडतंय. आरशात नुसतं मागची गाडी बघायची नाही, आपल्या ताडपत्रीचं टोक फडफडतंय का तेही बघायचं.

माल बांधणं ही तर निराळीच विद्या. कास्टिंग वजनाला जड आणि आकाराला लहान. हौदा अर्धा रिकामा दिसतो आणि काट्यावर गाडी पूर्ण भरलेली निघते. ते सगळं मागच्या फाळक्याजवळ रचलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. सुटं ठेवलं तर ब्रेक मारल्यावर केबिनच्या पाठीवर येऊन आदळतं. साखरेचं उलट. पन्नास किलोची पोती, रचायला सोपी. पण पाण्याचा एक थेंब आत गेला तर पार्टी तुमच्या नावाने शंख करते. पावसाळ्यात साखर घेऊन आंबोलीने उतरताना उस्ताद दर तासाला गाडी थांबवून ताडपत्रीखाली हात घालून बघायचे.

जुलै २०१८ मध्ये, म्हणजे मी नुकता एकट्याने गाडी न्यायला लागलो तेव्हा, केंद्राने एक्सलमागच्या वजनाची मर्यादा वाढवली. सहा टायरी ट्रकचं गाडीसकट एकूण वजन १६.२ टनांवरून साडेअठरा टनांवर गेलं. पार्ट्यांना तेवढंच हवं होतं. ‘आता चालतंय की, घाल अजून दोन टन.’ पण जुन्या गाडीच्या कमानपाट्यांना आणि ब्रेकना दिल्लीचा कागद वाचता येत नाही. पुढे सप्टेंबर २०१९ पासून जादा वजनाचा दंड कायद्यात वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा झाला. हा दंड कुणी भरायचा, मालकाने की ड्रायव्हरने, हे गाडीत बसायच्या आधी विचारून घ्यायचं असतं. सापडल्यावर विचारून उपयोग नसतो.

उतार

नव्या ड्रायव्हरची परीक्षा चढावर होत नाही. चढावर गाडी फार तर बंद पडते. बेळगावहून पुण्याकडे निघालं की वंटमुरीचा घाट, पुढे संकेश्वर मागे टाकलं की तवंदीचा. तवंदीचा निपाणीच्या बाजूचा उतार माझ्या पहिल्या वर्षातला सगळ्यात मोठा मास्तर. गाडी भरलेली असते, रस्ता रुंद आणि मोकळा दिसतो, पलीकडे निपाणीचे दिवे दिसत असतात आणि हात आपोआप गिअरच्या दांड्याकडे जातो. न्यूट्रल करावं, गाडी आपली आपण घरंगळेल, डिझेल वाचेल. लहान मालकाकडे डिझेलच्या ॲव्हरेजवर बक्षीस असतं. लिटरमागे ठरलेल्यापेक्षा जास्त किलोमीटर निघाले की त्यातला वाटा ड्रायव्हरला. म्हणजे उतारावर न्यूट्रल करण्याचे पैसेच मिळतात म्हणा ना, निदान सगळ्यांना तसं वाटतं.

उस्तादांनी हे खूळ माझ्या डोक्यात शिरूच दिलं नाही. ते सांगायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर. गाडी गिअरमध्ये असली की इंजिनच तिला मागे धरून ठेवतं. न्यूट्रल केलं की सगळा भार ब्रेकवर. पाय सारखा ब्रेकवर राहिला की ड्रम तापतात, लायनर पकड सोडतात आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. इंजिनच बंद केलं तर त्याहून वाईट, कारण ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो आणि पॉवर स्टिअरिंगही. गंमत म्हणजे न्यूट्रलने डिझेल वाचतं हेही खरं नाही. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की डिझेल जवळजवळ जातच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला ते लागतंच. हे मी आजवर कितीतरी जणांना ढाब्यावर बसून समजावलं असेल. निम्मे हसतात.

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंतचा उतार तर आता सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाला आहे. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथं एका मालवाहू गाडीने चाळीसहून जास्त वाहनांना धडक दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा तिथंच मोठा अपघात होऊन माणसं गेली. आपल्या भागातून पुण्याला जाणारा प्रत्येक ट्रक त्याच उतारावरून जातो. घरात बसून बातमी बघणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, की मुलाला ‘हळू चालव’ म्हणण्यापेक्षा ‘उतारावर गिअरमध्ये असतोस ना?’ असं विचारा. त्याला कळेल की घरच्यांना काहीतरी कळतं.

दोन भाषांचा उपयोग मला इतका कुठं झाला नाही जितका या रस्त्यावर. कोगनोळीच्या अलीकडे पोलीस, पंक्चरवाला, हमाल यांच्याशी कन्नड. पलीकडे गेलं की मराठी. एकच माणूस दोन्हीकडे ‘अण्णा’ आणि ‘दादा’ म्हणत गेला की निम्मी कामं होतात. अव्वाने लहानपणी कन्नडमध्ये घातलेल्या शिव्याही कामाला येतात. पण याच नाक्यांवर नंबर प्लेट बघून माणसाची परीक्षा होते तेव्हा भाषा येऊन भागत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न तापला, हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या नंबरच्या ट्रकांवर दगड पडले आणि पुण्यात कर्नाटकच्या बसेसना काळं फासलं गेलं. आमची गाडी केए-२२. मी त्या आठवड्यात सातारच्या पुढे एका पेट्रोल पंपावर दोन रात्री काढल्या. पंपावरचा वॉचमन म्हणाला, ‘गाडी मागच्या बाजूला लावा, नंबर भिंतीकडं करून.’ अव्वाने फोनवर फक्त विचारलं, ‘निद्दी आतेनु?’ झोप झाली का?

बत्ता, उचल आणि वही

आता पैशांचं. लहान मालकाकडे पगार दोन तुकड्यांत येतो. महिन्याचा ठरलेला पगार, आणि गाडी रस्त्यावर असेल त्या दिवसांचा बत्ता. पगार कमी, मन गुंतलेलं असतं ते बत्त्यात, कारण घर त्यावर चालतं. गाडी दारात उभी राहिली की बत्ता बंद. गाडी दुरुस्तीला असो, भाडं मिळत नसो, ड्रायव्हरला ताप असो, हिशोब तोच. त्यामुळे नवा मुलगा खेपेला कधी नाही म्हणत नाही. शिवाय वाटेतला खर्च. टोल २०२१ पासून फास्टॅगवर गेला, ते एक बरं झालं. पण हमाली, वाराई, पंक्चर, गाडी उभी करायचे पैसे हे सगळं ड्रायव्हर खिशातून घालतो आणि परत आल्यावर मांडतो. पावती नसलेल्या खर्चावर अण्णा भुवया उंचावतात. अक्का वहीवर पेन धरून माझ्याकडे बघतात, मग लिहितात. आठ वर्षांत त्यांनी माझा एकही खर्च खोडला नाही, पण त्या बघण्याची मला अजून भीती वाटते.

आणि तिसरी गोष्ट, उचल. बहिणीच्या लग्नात मला साठ हजार कमी पडले तेव्हा बँकेने कागद मागितले, सोसायटीने जामीन मागितले आणि अण्णांनी कपाटातून पैसे काढून दिले. व्याज नाही, सही नाही. ‘पगारातून वळते करू, तम्मा.’ त्या दिवशी मला ते देवासारखे वाटले आणि आजही त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण उचल घेतलेल्या ड्रायव्हरच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द निघणं किती जड जातं, ते ज्याने घेतली त्यालाच कळतं.

ऑक्टोबर २०१८ मधली गोष्ट आहे. चाकणच्या एका कारखान्यात कास्टिंग उतरवायचं होतं. पहाटे चारला बेळगाव सोडलं, संध्याकाळी पोचलो. गेटवर टोकन दिलं आणि थांबा म्हणाले. गेटबाहेर रस्त्याच्या कडेला पंधरा-वीस गाड्या. संडास नाही, पाणी नाही, सावलीही नाही. रांग मध्येच चार फूट पुढे सरकते, त्यामुळे झोपता येत नाही. झोपलं तर मागचा पुढे घुसतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला गाडी रिकामी झाली. अधूनमधून स्टिअरिंगवर डोकं टेकलं असेल तेवढीच झोप. साडेतीनला अण्णांचा फोन. भोसरीत हुबळीचा माल तयार आहे, सहापर्यंत भर आणि उद्या सकाळी आठला हुबळीत पोच. पार्टी नवी होती, तीन महिने अण्णा तिच्या मागे होते. परतीचं भाडं म्हणजे लहान मालकाचा जीव; गाडी रिकामी परतली की डिझेल आणि टोल त्याच्या अंगावर. ‘एवढी एक खेप मार, मग दोन दिवस झोप.’

मी म्हणालो, ‘अण्णा, आगंगिल्ल.’ जमायचं नाही. मला पूर्ण रात्र झोप लागेल, सकाळी भरून निघतो.

ते क्षणभर बोलले नाहीत. मग उस्तादांचं उदाहरण झालं, वीस वर्षांत कधी कुणी असं म्हटलं नाही हे झालं, मग ‘पैसे मागायला येताना बरं जमतं’ हेही झालं. ते शेवटचं मला लागलं. रात्री दोन ते पहाटे पाच या वेळात माणसाचं शरीर झोप मागतंच, डोळे उघडे ठेवून माणूस झोपतो. आणि मला त्याच वेळी कोल्हापूर मागे टाकून तवंदीचा चढ-उतार करायचा होता. हे सगळं त्यांना सांगायचं सुचलं नाही. मी ‘आगंगिल्ल’ एवढंच पुन्हा म्हटलं. फोन बंद झाला. हुबळीचा माल दुसऱ्याच्या गाडीत गेला. मी चाकणजवळ एका ढाब्याच्या मागे गाडी लावून अकरा तास झोपलो आणि रिकामी गाडी घेऊन परत आलो.

त्यानंतर नऊ दिवस मला खेप नाही. गाडी दारात उभी, बत्ता बंद. अण्णा रागावले नव्हते म्हणे, भाडं नव्हतं. बाकीच्या दोन गाड्यांना मात्र होतं. घरात अव्वा रोज विचारायची आणि वडील काही विचारायचे नाहीत, ते जास्त अवघड होतं. दहाव्या दिवशी हिशोबाला बोलावलं. अक्कांनी वही उघडली, चाकणच्या खेपेचे पैसे मांडले आणि अण्णांच्या समोरच मला विचारलं, तू त्या दिवशी किती तास जागा होतास? मी मोजून सांगितलं. छत्तीसच्या आसपास. त्यांनी तो आकडा खेपेच्या ओळीत, किलोमीटरच्या शेजारी लिहिला. अण्णा टीव्ही बघत होते, म्हणजे तिकडे तोंड होतं. तेव्हापासून आमच्या वहीत एक रकाना जास्त आहे. माल उतरल्यावर ड्रायव्हर किती तास झोपला. सहाच्या खाली असेल तर पुढचं भाडं घ्यायचं नाही. अण्णा दिवाळीच्या आणि साखरेच्या हंगामात हा नियम मोडायला बघतात, कधी मोडतातही. पण आता मोडताना त्यांना अक्कांना विचारावं लागतं.

घरच्यांनी काय विचारावं

कुणी म्हणेल, कामाच्या तासांचा कायदा आहे ना? १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता. दिवसाला आठ तास, लांब पल्ल्याला दहा, पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती, असं सगळं त्यात होतं. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायासाठी होता. अण्णांकडे तीन ड्रायव्हर आणि एक क्लीनर, चार. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत तो आकडा दहावर गेला. म्हणजे आपल्या भागातले बहुतेक नवे ड्रायव्हर ज्या मालकांकडे सुरुवात करतात, तिथं कायद्याच्या जागी वही असते. तीही असली तर.

ई-वे बिलाचंही तसंच. मालाच्या या कागदाला मुदत असते. एप्रिल २०१८ मध्ये सुरू झालं तेव्हा शंभर किलोमीटरला एक दिवस मिळायचा, जानेवारी २०२१ पासून दोनशे किलोमीटरला एक. गेटवर दीड दिवस गेला तरी ड्रायव्हरवर घाई लादली जाते ती याच मुदतीच्या नावाने. पण वाटेत अडचण आली तर मुदत वाढवून घेता येते, संपण्याच्या आठ तास आधी किंवा नंतर. ते काम ऑफिसात बसून होतं. मुलाला हे माहीत असलं म्हणजे ‘बिल संपतंय, पळव गाडी’ याला त्याच्याकडे उत्तर असतं.

विम्याचं मात्र प्रत्येक घराने लक्षात ठेवावं. गाडीच्या सक्तीच्या विम्यात पगारी ड्रायव्हरच्या मृत्यूची किंवा इजेची मालकावरची जबाबदारी धरलेली असते. पण हा मुलगा त्या गाडीवर नोकरीला होता हे दाखवावं लागतं. घरच्यासारख्या मालकाकडे नेमणुकीचं पत्र नसतं, पगार रोख, बत्ता रोख. चांगल्या दिवसांत कुणाला काही वाटत नाही. वाईट दिवशी चांगला माणूसही वकिलाचं ऐकतो. म्हणून पगार निदान बँकेत घ्यावा, गाडीच्या विम्याचा आणि फिटनेसचा फोटो घरातल्या मोबाईलमध्ये ठेवावा, आणि खेपांची नोंद घरीही असावी. आमच्या घरी ती कालनिर्णयवर असते. माझी बायको दुधाच्या हिशोबाशेजारी लिहिते. ‘चाकण’, ‘मडगाव’, ‘हुबळी रिकामी’. गडहिंग्लजची आहे, अव्वाकडून कन्नड शिकली ती या नोंदी करता करताच, कारण अव्वा सांगायची आणि ती लिहायची.

ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या नव्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली आहे. ढाब्यावर त्याची फार चर्चा असते. आमच्या तिन्ही गाड्या त्याआधीच्या, अण्णा नवी घेतील अशी चिन्हं नाहीत. एप्रिलमध्ये ओला टॉवेल मानेवर टाकून चालवतो.

मग पाठवावं का मुलाला? मी गेलो तर जमलं, एवढं मी सांगू शकतो. पण मालकाच्या घरी बोलणी करायला जाल तेव्हा चहा पिऊन ‘आमचा पोरगा तुमच्या पदरात घातला’ म्हणून उठून येऊ नका. सुरुवातीला जुन्या ड्रायव्हरबरोबर किती महिने पाठवणार, ते विचारा. दंड कुणाचा, गाडी उभी असेल त्या दिवसांचं काय, रात्रीची खेप सलग किती, हे विचारा. मालक घरच्यासारखा असेल तर तो रागावणार नाही. आणि उचल घेतलीच तर ती वहीत तारखेसकट लिहून घ्या, फेडीचा हप्ताही लिहा, म्हणजे ती फिटल्याचं दोघांनाही दिसतं. माझी मार्च २०२१ ला फिटली.

सध्या आमच्या सहा टायरी गाडीला ड्रायव्हर नाही. एक मुलगा येऊन जाऊन असतो, कडोलीकडचा, त्याच्या हलक्या लायसन्सला अजून वर्ष व्हायचंय. त्याची आई एकदा त्याच्याबरोबर आली होती. अण्णांशी बोलली नाही, सरळ आत जाऊन अक्कांशी तासभर बोलली. तोवर मी त्याला हौदा झाडायला आणि दोर आवळायला शिकवतोय. गाठ अजून सैल येते त्याची.